न्यू इंग्लिश स्कूल आणि वामन शिवराम आपटे

पुणे शहराच्या अर्वाचीन इतिहासात १८८० सालच्या जानेवारी महिन्याला जे महत्त्व प्राप्त झाले आहे ते एका शाळेमुळे. आणि त्या शाळेचे, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलचे, नाव निघताच विष्णुशास्त्री चिपळूणकर, बळवंतराव टिळक आणि गोपाळराव आगरकर ही तीन नावे मराठी वाचकाच्या ओठांवर आपोआप येतात. त्यांत अन्याय काही नाही, कारण त्या तिघांवाचून शाळेला तिचे तेज आले नसते. परंतु शास्त्रीबुवांना या शाळेत जेमतेम सव्वादोन वर्षे लाभली, टिळक दहा-अकरा वर्षांनी संस्थेतून बाहेर पडले, आगरकरांच्या बुद्धीचा मोठा अंश वर्तमानपत्राने आणि सामाजिक सुधारणेच्या वादाने घेतला. आणि या सर्व घडामोडींत ज्याच्या नोकरीची सारी वर्षे, पहिल्यापासून अखेरपर्यंत, या एकाच संस्थेत खर्ची पडली, त्या वामन शिवराम आपट्यांचे नाव मात्र संस्थापकांच्या यादीत शेवटी कोठेतरी येते आणि वाचक पुढे जातो. शाळा काढण्यास प्रतिभा व धैर्य लागते हे खरे. पण निघालेली शाळा दरवर्षी जूनपासून एप्रिलपर्यंत नीट चालविणे हे निराळ्या जातीचे काम आहे, आणि त्या कामाचा मान ज्याचा त्याला दिला गेला नाही अशी प्रस्तुत लेखकाची फार दिवसांची तक्रार आहे.

पेशवाई बुडाल्यानंतर पुण्यात विद्येची जी नवी व्यवस्था झाली तिचा आरंभ संस्कृतापासून झाला ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून काही भाग बाजूस काढून चॅप्लिन कमिशनरांनी १८२१ साली विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज या नावाने संस्कृत पाठशाळा स्थापन केली. तिला एल्फिन्स्टन साहेबांचा पाठिंबा होता, आणि राज्य गेलेल्या शास्त्री-पंडितांचा असंतोष काही अंशी तरी शमावा हा हेतूही त्यात होता. पुढे १८५१ साली हीच पाठशाळा इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झाले आणि १८६८ साली ते येरवड्याच्या नव्या इमारतीत डेक्कन कॉलेज या नावाने गेले. दरम्यान १८५४ चा वुडचा खलिता आला, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, आणि मॅट्रिक्युलेशनची परीक्षा ही सरकारी कचेऱ्यांच्या, वकिलीच्या आणि वरच्या विद्येच्याही देवडीवरील चौकी होऊन बसली. जो तीतून पार होईल त्याला शिरस्तेदार, मामलेदार किंवा मुनसफ होण्याची आशा. जो अडकेल त्याला गावाकडची वाट. अशा स्थितीत सरकारी हायस्कुलाची जागा व फी दोन्ही सर्वांना परवडण्यासारखी नव्हती आणि खाजगी शाळांची गरज शहराला स्पष्ट जाणवू लागली होती. वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि पुढे बंडामुळे प्रसिद्धीस आलेले वासुदेव बळवंत फडके यांनी उभारलेली पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही त्याच गरजेतून निर्माण झाली होती. तेव्हा न्यू इंग्लिश स्कूल ही पुण्यातली पहिली खाजगी शाळा नव्हे. तिचे वेगळेपण अन्यत्र होते.

१८७९ हे साल पुण्याला जड गेले. १८७६ पासूनच्या दुष्काळाने दख्खनचा शेतकरी मोडला होता. फडक्यांच्या बंडाने सरकार संशयी झाले होते. आणि मे महिन्यात एका रात्रीत बुधवार वाडा जळून खाक झाला व विश्रामबागेलाही आग लागली, तेव्हा पेशवाईच्या उरल्यासुरल्या खुणा डोळ्यांदेखत नाहीशा होताना लोकांनी पाहिल्या. याच साली रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात बदली होऊन गेलेल्या विष्णुशास्त्र्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. ‘निबंधमाला’ १८७४ पासून चालू होती आणि तिच्या लेखणीने तरुणांची मने हालवून सोडली होती. त्या लेखणीचा धनी नोकरी सोडून पुण्यास स्वतःची शाळा काढणार ही बातमी डेक्कन कॉलेजात पोचली, तेव्हा टिळक व आगरकर हे दोघे असाच काही मनसुबा आपसांत करीत होते. दोघे त्यांना जाऊन मिळाले. महादेव बल्लाळ नामजोशी हे चौथे. पदवी नसलेले, पण वर्तमानपत्र व कारखानदारी या दोहोंत गती असलेले आणि लोकांना एकत्र आणण्याची विलक्षण हातोटी असलेले गृहस्थ.

१८८० च्या जानेवारीच्या आरंभी मोरोबादादांच्या वाड्यात शाळा सुरू झाली. फडणिसी घराण्यातील पुरुषाचा वाडा, राजकारणाची खलबते ज्यात झाली असतील असा; त्यात आता मुले ‘मार्च’ आणि ‘मे’ यांची स्पेलिंगे घोकू लागली. शास्त्रीबुवांचे वय त्या वेळी तीस वर्षांच्या आत, टिळकांचे तेवीस, नामजोशांचे सत्ताविशीच्या आसपास, आगरकर एम.ए. होऊन वर्षभराने यावयाचे होते. आणि याच पहिल्या वर्षी, नुकतीच एम.ए. ची परीक्षा उतरलेले बावीस वर्षांचे वामनराव आपटे शाळेत दाखल झाले.

आपट्यांच्या पूर्वायुष्याची हकीकत थोडक्यात सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही, कारण त्यांची शाळेविषयीची भावना त्या हकीकतीतच दडलेली आहे. त्यांचा जन्म १८५८ साली दक्षिण कोकणात, सावंतवाडीजवळच्या बांदा पेट्यातील असोलोपाल या खेड्यात झाला. आठ वर्षांच्या वयात वडील गेले. आई दोन मुलांना घेऊन कोल्हापुरास आली, आणि तेथे थोड्याच काळात आई व वडील भाऊ दोघेही मृत्यू पावले. घाटावरच्या अपरिचित शहरात एकटा उरलेला हा मुलगा जगला तो शाळेच्या आधारावर. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलाचे हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे, ज्यांचे ‘राजा शिवाजी’ हे काव्य त्या काळी गाजले होते, यांची दृष्टी त्याच्यावर गेली. त्यांनी त्याची बुद्धी ओळखली आणि शिक्षण अखंड राहील अशी तजवीज केली. १८७३ साली आपटे मॅट्रिक झाले ते संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून. पुढे डेक्कन कॉलेजात डॉ. कीलहॉर्न यांच्यासारख्या व्याकरणपंडिताच्या हाताखाली त्यांचे अध्ययन झाले; १८७७ साली बी.ए. च्या परीक्षेत भाऊ दाजी पारितोषिक आणि १८७९ साली एम.ए.

अशा पदवीधराला सरकारी विद्याखात्यात त्या काळी काय अशक्य होते? डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर, हायस्कुलाचा हेडमास्तर, कॉलेजातील संस्कृताची जागा, सर्व वाटा मोकळ्या होत्या. आणि ज्या मुलाने बालपणी दारिद्र्य व अनाथपण दोन्ही सोसले त्याने सुरक्षित पगाराची वाट धरली असती तर त्याला नाव ठेवण्याचे धार्ष्ट्य कोणी केले नसते. मोठ्या पगाराची आशा सोडल्याचे कळविणारे आगरकरांचे आपल्या आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्याला असे पत्र लिहिण्यासाठी आईही उरली नव्हती त्याने तोच त्याग मुकाट्याने केला, ही गोष्ट मला अधिक हृदयस्पर्शी वाटते. एका शाळामास्तराने त्याला हात दिला होता. त्याने ते ऋण शाळामास्तर होऊनच फेडले.

आपटे लवकरच शाळेचे सुपरिंटेंडेंट झाले. हा हुद्दा भपकेदार वाटतो, परंतु त्याचा अर्थ व्यवहारात काय होता हे ज्यांनी शाळेचा कारभार पाहिला आहे त्यांनाच कळेल. कोणत्या इयत्तेला कोणता विषय कोणी शिकवावयाचा, गैरहजर शिक्षकाचा तास कोणी घ्यावयाचा, हजेरीपट व फीचा हिशेब जुळतो की नाही, मॅट्रिकच्या वर्गात पाठवावयाची मुले तयार आहेत की नाहीत, नव्याने येणाऱ्या परगावच्या मुलाला कोणत्या वर्गात बसवावे. अशा शंभर प्रश्नांची उत्तरे रोज देणारा एक माणूस असावा लागतो, आणि तो माणूस विद्वान असला तर त्याच्या विद्वत्तेचा बळी बहुधा याच प्रश्नांना जातो. शाळेची वाढही अशी झपाट्याने झाली की ही व्यवस्था ढिली पडली असती तर कीर्तीच अपकीर्तीला कारण झाली असती. पहिल्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थिसंख्या तीनशेच्या वर गेली आणि पाच वर्षांत हजाराच्या घरात पोचली. मॅट्रिकच्या निकालांत शाळेचे नाव वर येऊ लागले आणि ज्या शंकरशेट शिष्यवृत्तीवर स्वतः आपटे शिकले होते त्याच शिष्यवृत्तीवर त्यांच्या शाळेतील मुलांची नावे लागू लागली. शास्त्रीबुवांच्या नावाने मुले येत, टिळकांच्या गणिताने आणि आगरकरांच्या सहवासाने भारावून जात. ती परीक्षेत उतरत याचे श्रेय मात्र व्यवस्थेला, म्हणजे पुष्कळ अंशी सुपरिंटेंडेंटाला, दिले पाहिजे.

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’च्या जाहीर पत्रकावर ज्या सहा जणांच्या सह्या होत्या त्यांत चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी आणि डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्याबरोबर आपट्यांचीही होती. म्हणजे शाळा, छापखाना आणि वर्तमानपत्र हे तिन्ही उद्योग एकाच मंडळीच्या अंगावर होते. या मंडळीतील इतरांचा जीव हळूहळू पत्रांकडे ओढला गेला. आपट्यांचा शाळेतच राहिला. त्याच साली त्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्याकडे मी पुढे येईन.

आणि मग १८८२ साल उजाडले. न्यू इंग्लिश स्कूलच्या इतिहासात याहून कठीण वर्ष दुसरे आले नसेल. १७ मार्च रोजी विष्णुशास्त्री अकस्मात निवर्तले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. ज्यांच्या नावावर पालकांनी मुले पाठविली, ज्यांच्या शब्दावर पदवीधर तरुणांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरविली, तो आधारस्तंभच दोन वर्षांत कोसळला. त्यावर कोल्हापूर प्रकरण. छत्रपती शिवाजीराव यांच्या छळाबद्दल आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्याविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ यांत जो मजकूर आला त्यावरून अब्रूनुकसानीचा खटला झाला, ज्या पत्रांवर विसंबून तो मजकूर छापला होता ती बनावट ठरली, आणि जुलै महिन्यात टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद सुनावण्यात आली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. हा काळ इतिहासग्रंथांत तुरुंगाच्या बाजूने सांगितला जातो: तेथे त्या दोघांच्या काय चर्चा झाल्या, वजन किती घटले, सुटकेनंतर मिरवणूक कशी निघाली. शाळेच्या बाजूने तो कोणी सांगत नाही. ज्या शाळेचा संस्थापक चार महिन्यांपूर्वी वारला आहे आणि जिचे दोन नामांकित शिक्षक कैदेत आहेत, त्या शाळेत आपला मुलगा ठेवावा की काढून न्यावा हा विचार पाचशेंवर घरांत त्या पावसाळ्यात झालाच असेल. सरकारची गैरमर्जी ओढवलेल्या मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला सरकारी नोकरी कशी मिळणार, ही भीती तर उघड होती. तरीही शाळा रिकामी झाली नाही. पुढल्या वर्षी मुले वाढलीच. त्या महिन्यांत शाळेची धुरा ज्यांनी उचलून धरली त्यांत सुपरिंटेंडेंट आपटे अग्रस्थानी होते, आणि माझ्या मते न्यू इंग्लिश स्कूलची खरी परीक्षा मोरोबादादांच्या वाड्यात नव्हे, या वर्षी झाली.

त्याच साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण कमिशनचे काम मुंबई इलाख्यात चालू होते. कमिशनपुढे आपट्यांची साक्ष झाली. स्वतः हंटर साहेबांनी शाळेस भेट दिली आणि सरकारी मदत न घेता चाललेली ही संस्था सरकारी हायस्कुलांशी बरोबरी करू शकते, इतकेच नव्हे तर इतर देशांतील शाळांच्याही पंक्तीस बसू शकते, अशा आशयाचा अभिप्राय दिला. तो अभिप्राय पुढे अनेक ठिकाणी छापला गेला आणि देणग्या मिळविताना संस्थेच्या फार उपयोगी पडला.

येथे एक गोष्ट न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच कमिशनला याच पुण्यातून आणखी एक निवेदन गेले. ते जोतीराव फुले यांचे, १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यातले. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या सारापट्टीतून आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, म्हणून आधी खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष द्या, असे त्यांचे म्हणणे होते. मोरोबादादांच्या वाड्यात बाकांवर बसलेली मुले बहुतांशी ब्राह्मण घरांतलीच होती, आणि शाळा चालविणाऱ्यांची राष्ट्राची कल्पना कितीही व्यापक असली तरी तिच्या दरवाजातून आत येणारे राष्ट्र अरुंद होते. आपट्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्यागाला याने उणेपणा येत नाही; परंतु त्या त्यागाचे फळ कोणाच्या पदरात पडले याचा हिशेब मांडताना जोतीरावांचे ते निवेदन टेबलावर उघडे ठेवूनच तो मांडला पाहिजे, असे मला निश्चित वाटते.

आता त्या १८८१ च्या पुस्तकाकडे वळू. ‘स्टुडंट्स गाईड टु संस्कृत कॉम्पोझिशन’ हे त्याचे नाव, आणि शाळा-कॉलेजांतील विद्यार्थ्यांसाठी संस्कृत वाक्यरचनेचे विवेचन हा त्याचा विषय. या पुस्तकाचे महत्त्व समजण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती ध्यानात आणली पाहिजे. पाठशाळेत शिकणारा मुलगा रूपावली, समासचक्र, अमरकोश आणि मग रघुवंश या वाटेने जाई. त्याला दहा-बारा वर्षांचा अवकाश असे आणि कौमुदी पाठ असे. हायस्कुलातल्या मुलाला तीन-चार वर्षे मिळत, तीही इंग्रजी, गणित, इतिहास व भूगोल यांच्या वाटणीत. नव्या शाळांसाठी डॉ. भांडारकरांची दोन पुस्तके आली होती आणि त्यांनी रूपे व संधी यांचा मार्ग सोपा केला होता. परंतु रूपे येऊनही मुलाला वाक्य लिहिता येत नसे. द्वितीया कोठे आणि चतुर्थी कोठे, ‘क्त्वा’चा कर्ता कोण, सति-सप्तमी केव्हा योजावी, ‘यदि’ आणि ‘चेत्’ यांच्या जागा कोणत्या, हे त्याला कोणी एकत्र सांगितले नव्हते. आपट्यांनी पाणिनीच्या कारकप्रकरणाचा आधार सोडला नाही. पण मांडणी केली ती शिकणाऱ्याच्या अडचणीच्या क्रमाने. प्रत्येक नियमाला उदाहरण दिले ते स्वतः रचलेले नव्हे, तर कालिदास, भवभूती, बाण, दंडी यांच्या ग्रंथांतून वेचलेले; आणि प्रत्येक पाठाच्या अखेरीस भाषांतरासाठी वाक्ये घातली. परिणामी व्याकरण शिकता शिकता मुलाच्या कानावर उत्तम गद्यपद्य पडत राही. वर्गात फळ्यापुढे उभे राहून मुलांच्या चुका ज्याने तपासल्या आहेत त्यालाच असे पुस्तक लिहिता येते. ते कीलहॉर्न साहेबांच्या शिष्याने लिहिले हे जितके खरे, तितकेच ते शाळेच्या सुपरिंटेंडेंटाने लिहिले हेही खरे. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची.

पुढे १८८४ साली त्यांचा इंग्रजी-संस्कृत कोश निघाला, तोही विद्यार्थ्यांसाठीच. १८८६ साली राजशेखर कवीवर त्यांनी एक प्रबंध लिहिला. शिक्षकांनी आपल्या विषयाची पुस्तके स्वतः तयार करावी ही या संस्थेची रीतच पडली: आगरकरांची ‘वाक्यमीमांसा’ १८८८ ची, आणि १८८५ साली शाळेत शिक्षक म्हणून आलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे अंकगणित तर पुढे कित्येक पिढ्यांच्या दप्तरांत राहिले. परंतु ही रीत पाडली आपट्यांनी, शाळा दीड-दोन वर्षांची असताना.

या शाळेतून कोण बाहेर पडले याची सबंध यादी देण्याचे प्रयोजन नाही. पण मराठी वाङ्मयाच्या वाचकाला तीन नावे पुरतील. हरिभाऊ आपटे, ज्यांनी शास्त्रीबुवांच्या मृत्यूनंतर विद्यार्थिदशेतच ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य लिहिले आणि आगरकरांच्या ‘विकारविलसिता’वर, म्हणजे आपल्याच शिक्षकाने केलेल्या हॅम्लेटच्या भाषांतरावर, सविस्तर टीका प्रसिद्ध करण्याचे धैर्य दाखविले. शिवराम महादेव परांजपे, ज्यांनी १८८४ साली मॅट्रिकला संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि ज्यांच्या ‘काळ’ पत्रातील गद्याला बाणभट्टाच्या सहवासाचा सुगंध शेवटपर्यंत होता. आणि कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, जे १८८४ साली या शाळेत आले आणि १८८९ साली मॅट्रिक होऊन बाहेर पडले. मराठी कादंबरीचा, मराठी राजकीय गद्याचा आणि मराठी कवितेचा नवा काळ ज्या तिघांपासून मोजला जातो, ते तिघेही दहा वर्षांच्या अवधीत एकाच शाळेच्या बाकांवर बसून गेले. ज्या शाळेत विद्यार्थ्याने शिक्षकाच्या पुस्तकावर छापील टीका करावी आणि त्याबद्दल त्याचे काही वाकडे होऊ नये, त्या शाळेच्या शिस्तीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. कारण भीतीवर चाललेल्या शाळेत हे घडत नसते.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी, शाळा त्या वेळी जेथे होती त्या गद्र्यांच्या वाड्यात, फर्ग्युसन कॉलेजचा आरंभ झाला. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल वर्ड्स्वर्थ यांच्या हस्ते तो समारंभ झाला. वीस वर्षे अल्प वेतनावर, पुढे दरमहा पंचाहत्तर रुपयांवर, संस्थेची सेवा करीन अशी आजीव सभासदांची प्रतिज्ञा होती. नव्या कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल म्हणून निवड झाली ती आपट्यांची. वय सत्तावीस. शाळा चालवून दाखविलेल्या माणसालाच कॉलेज चालविता येईल असा विश्वास सहकाऱ्यांना वाटला असला पाहिजे, आणि तो सार्थ ठरला.

१८८७ पासून १८९० पर्यंत आजीव सभासदांत जे मतभेद वाढत गेले त्यांचा विस्तार मी करीत नाही. वेतनात वाढ घ्यावी की नाही, बाहेरची कामे किती स्वीकारावी, सभासदाच्या सर्व वेळेवर संस्थेचा हक्क आहे की नाही, हे प्रश्न तत्त्वाचे होते आणि दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले हे शेवटचे निमित्त झाले आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. त्यांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ साली मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले. ज्या प्रिन्सिपॉलच्या कारकीर्दीत टिळक गेले आणि कर्वे आले, त्याच्या मनावरचा ताण केवढा असेल!

आणि या तणावाच्या वर्षांतच आपट्यांनी आपल्या आयुष्याचे मुख्य काम पुरे केले. १८९० साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश पुण्यात प्रसिद्ध झाला. हजारांहून अधिक दाट छापलेली पृष्ठे. त्यापूर्वी मोनियर विल्यम्सचा कोश होता, सेंट पीटर्सबर्गचा जर्मन महाकोश होता, तारानाथ तर्कवाचस्पतींचे ‘वाचस्पत्य’ होते, आणि आपट्यांनी त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. परंतु हे सारे ग्रंथ पंडितांचे, आणि किमतीनेही विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे. आपट्यांनी वेदवाङ्मयाचा मोठा भाग जाणूनबुजून वगळला आणि ज्या काव्य-नाटकांशी, पुराणांशी व शास्त्रांशी शिकणाऱ्याची गाठ पडते त्यांच्यावर सारी शक्ती केंद्रित केली. शब्दाच्या प्रत्येक अर्थापुढे तो अर्थ ज्या ठिकाणी आढळतो त्या ग्रंथाचा निर्देश, पुष्कळदा मूळ अवतरणासह, अलंकारांची लक्षणे, देवदेवतांच्या व राजांच्या कथा त्या त्या नावाखाली, ‘न्याय’ या शब्दाखाली काकतालीय, सूचीकटाह असे लौकिक न्याय उलगडून, आणि शेवटी छंदःशास्त्र, ग्रंथकारांचा काल व प्राचीन भूगोल यांवर परिशिष्टे. खेड्यातून आलेल्या, ग्रंथसंग्रह नसलेल्या आणि विचारायला शास्त्री जवळ नसलेल्या मुलाला या एका ग्रंथात शाळा मिळावी अशी ही योजना आहे. कोल्हापुरातल्या त्या पोरक्या मुलाला जे पुस्तक हवे असताना मिळाले नव्हते, तेच बत्तिसाव्या वर्षी त्याने लिहून दिले.

९ ऑगस्ट १८९२ रोजी वामनराव आपटे मृत्यू पावले. वय चौतीस वर्षे. त्यांच्या जागी आगरकर प्रिन्सिपॉल झाले, आणि तेही तीन वर्षांत, १७ जून १८९५ रोजी, गेले. त्यापुढील वर्षी नामजोशी गेले. ज्या मंडळींनी पंधरा वर्षांपूर्वी शाळेत पाऊल ठेवले होते त्यांपैकी टिळक तेवढे उरले, आणि ते संस्थेबाहेर होते. शाळा मात्र उरली. नाना फडणविसांच्या वाड्यात, रमणबागेत आणि पुढे टिळक रस्त्यावर तिचा विस्तार झाला, आणि पुण्यातील अनेक घराण्यांच्या एकामागून एक पिढ्या तिच्यात शिकून गेल्या.

आपट्यांचा कोश वारंवार छापला गेला. १९५७ ते १९५९ या काळात प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती पुण्यातूनच तीन खंडांत संपादित केली, आणि जेथे जेथे संस्कृत शिकविले जाते तेथे तो आजही हाताशी असतो. परंतु त्याच्या कर्त्याचे विस्तृत मराठी चरित्र सामान्य वाचकाच्या हाती सहज पडत नाही. शाळेचे जुने वार्षिक अहवाल, परीक्षांचे निकाल, विद्यार्थ्यांच्या वह्या, पालकांना गेलेली पत्रे, अशा कागदांतूनच तसे चरित्र लिहिता येईल, आणि हे कागद संस्थेच्या दप्तराइतकेच जुन्या पुण्यातल्या माळ्यांवर आणि ट्रंकांत असण्याचा संभव आहे. ज्या वाचकांच्या घरी पणजोबांचे मॅट्रिकचे प्रमाणपत्र, शाळेचे एखादे जुने फी-पुस्तक किंवा मास्तरांच्या हस्ताक्षरातील शेरा असेल, त्यांनी घर आवरताना तो कागद रद्दीत घालू नये. शाळेच्या स्वाधीन करावा, किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन द्यावा.